खाजण, गिऱ्हा आणि चकवा : उत्तर कोकणातील एका भयाचा इतिहास

कोकणातील भुतांची जी यादी मराठी वाचकाला परिचित आहे, ती बारकाईने पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. या यादीतील बहुतेक भुतांना जात आहे. मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी वारलेला ब्राह्मणाचा मुलगा मुंजा होतो, इच्छा अतृप्त राहिलेला ब्राह्मण समंध होतो, लग्न होऊन मेलेला शूद्र देवचार होतो. खवीस हे मुसलमानाचे भूत मानले जाते. काही ठिकाणी ते अस्पृश्य गणलेल्या जातींतील मृताचे समजतात. स्त्रियांच्या बाबतीत जातीपेक्षा देहाची अवस्था निर्णायक ठरते. बाळंतपणात किंवा विटाळात मेलेली ती हडळ अथवा अळवंत. म्हणजे मृत्यूनंतरही व्यक्ती आपल्या वर्णाच्या, लिंगाच्या आणि संस्काराच्या चौकटीतून सुटत नाही. अतृप्तीसुद्धा जातवार वाटलेली असते. मात्र या यादीत दोन नावे अशी आहेत की त्यांना ही चौकट लागू पडत नाही. एक गिऱ्हा आणि दुसरा चकवा. गिऱ्हा हा पाण्यात बुडून मेलेल्याचा किंवा पाण्यात मारल्या गेलेल्याचा. तो कोणत्या जातीचा होता हे कोणी विचारत नाही, तो कोठे मेला एवढेच विचारले जाते. चकवा तर कोणाचाही नाही. तो मृताचे भूत आहे की जागेचाच गुण आहे, हे सांगणाऱ्यांनाही स्पष्ट करावेसे वाटलेले नाही. शिवेवर, पाणथळीत, वाट आणि वाटेचा अभाव यांच्या सीमेवर तो असतो आणि माणसाला रात्रभर फिरवून पहाटे निघाल्या जागीच आणून सोडतो.

ही दोन भुते ज्या भूमीवर सर्वाधिक अर्थपूर्ण ठरतात ती भूमी म्हणजे खाडीकाठचे खाजण. भिवंडीच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला कामवारी नदी व उल्हास खाडी यांच्या काठाने पसरलेला तिवरांचा, चिखलाचा आणि खाऱ्या भाताचा पट्टा हे अशा भूमीचे एक ठळक उदाहरण आहे. या पट्ट्यातील भयकथांचा विचार लोकश्रद्धा या सदराखाली करून थांबण्याची प्रथा आहे. त्या कथा ज्या मार्गाने लिखित झाल्या तो मार्ग आणि ज्या श्रमव्यवहारातून त्या उपजल्या तो व्यवहार एकत्र ठेवल्याशिवाय जातिविरहित भुताचे हे कोडे उलगडत नाही.

प्रथम लेखनाचा मार्ग. कोकणच्या लोकसमजुतींचा सर्वांत विस्तृत इंग्रजी संग्रह आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील सामग्री त्यांनी स्वतः गोळा केलेली नव्हती. ती ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवली होती. जॅक्सन हे मुलकी अधिकारी होते, संस्कृतचे जाणकार होते, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगप्रसंगी अनंत कान्हेरे यांच्या गोळीने ते मारले गेले. मराठी इतिहासाला जॅक्सन आठवतात ते या घटनेमुळे. त्यांच्या कपाटातील भुताखेतांच्या कागदांमुळे नव्हे. त्यांची पद्धत प्रश्नावलीची होती. छापील प्रश्न शाळाशिक्षकांकडे पाठवायचे, शिक्षकांनी आपापल्या गावी चौकशी करून उत्तरे लिहायची, आणि ती खात्यामार्फत वर यायची. संग्रहात उत्तरांखाली शिक्षकांची गावे येतात. सांगणाऱ्यांची नावे, जाती, व्यवसाय येत नाहीत.

या पद्धतीचा परिणाम असा की भुते वर्गीकृत होऊन आली. प्रश्न जातींच्या चालीरीतींविषयी असेल तर उत्तरही जातवारच येणार. ज्या काळात जनगणनेच्या तक्त्यांत माणसे जातींच्या रकान्यांत बसवली जात होती, त्याच काळात, त्याच प्रशासनाच्या हातून, भुतांचीही एक शिरगणती झाली असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये. शिक्षक हा बहुधा पांढरपेशा वर्गातील, गावात नोकरीपुरता आलेला, आणि खाजणात पाय न घालणारा. त्याला मुंजा ठाऊक होता, कारण मुंज त्याच्या घरातील होती. गिऱ्हा त्याने ऐकलेला होता. त्यामुळे मुंज्याची हकीगत कारणमीमांसेसह येते आणि गिऱ्ह्याची केवळ लक्षणे येतात : तो रात्री हाक मारतो, ओळखीच्या आवाजात बोलावतो, खोल पाण्याकडे नेतो. अर्थात या संग्रहाला नुसते वासाहतिक म्हणून बाजूस सारणे हा आळस होईल. त्या शिक्षकांनी न लिहिले असते तर ही लक्षणेसुद्धा हाती लागली नसती. पण ज्या मराठीत ती कोणीतरी सांगितली, ती आगरी-कोळी बोली, तिचा हेल, तिच्यातील स्थळनामे ही छापील पानावर नाहीत. वाचकासमोर आहे तो अनुवादाचाही सारांश.

आता भूमी. खाजण या शब्दात पाणी आणि जमीन यांच्यातील अनिश्चितता सामावलेली आहे. भरतीला ते खाडीचे असते, ओहोटीला माणसाचे. या अनिश्चित पट्ट्याला बांध घालून, भरतीचे पाणी अडवून, पावसाच्या पाण्याने मातीतील खार काही वर्षे धुऊन काढला की तेथे खारे भात पिकते. बांध चिखलाचा असतो. त्यात पाणी बाहेर सोडण्यासाठी उघाडी ठेवावी लागते; ओहोटीला ती आतले पाणी बाहेर जाऊ देते आणि भरतीला बाहेरचे पाणी थोपवते. बांधाला खांड पडली की एका उधाणात कित्येक वर्षांची मेहनत जाते, कारण एकदा शिरलेले खारे पाणी पुढची दोन-तीन पिके घेऊन जाते. म्हणूनच अशी जमीन लागवडीखाली आणणाऱ्याला प्रारंभी काही वर्षे साऱ्याची माफी आणि मग चढत्या दराने आकारणी, म्हणजे इस्ताव्याची सवलत, देण्याची रीत पेशवाईतही होती आणि इंग्रजी अमलानेही ती वेगवेगळ्या स्वरूपात चालू ठेवली. सवलत ज्याच्या नावावर होती तो आणि कमरेएवढ्या चिखलात उभा राहून बांध रचणारा, हे बहुधा दोन वेगळे लोक होते. रचणारे मुख्यत्वे आगरी होते. त्यांचे नावच आगरावरून, मिठागरावरून आलेले आहे. पुढे १९३३ ते १९३९ या काळात अलिबाग तालुक्यातील चरी परिसरात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खारेपाटातील कुळांनी खोतांविरुद्ध जो दीर्घ संप केला, त्याच्या मागे या दोन लोकांमधील अंतराचा जुना इतिहास होता. खारबांधांची जबाबदारी कायद्याने शासनाकडे घेण्याचा प्रयत्न १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने झाला.

भिवंडी हे या पट्ट्याच्या माथ्यावरील बंदर. शहराच्या जुन्या भागाचे निजामपूर हे नाव आजही नगरशासनाच्या नावात टिकून आहे. १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि याच खाड्यांत मराठी आरमाराच्या गलबतबांधणीला प्रारंभ झाला. वसईच्या मोहिमेत १७३७ साली मराठी फौजेने ठाण्याची खाडी ओलांडून साष्टी बेटात प्रवेश केला. त्या मोहिमेच्या पूर्वतयारीत भिवंडीजवळच्या अणजूरचे गंगाजी नाईक यांचा पुढाकार होता. इतिहासकारांनी या घटनांचा राजकीय अर्थ लावला आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला त्यातून आणखी एक गोष्ट दिसायला हवी. खाडीचा उतार, चिखलातील पाय टेकणारी वाट, भरतीची वेळ ही माहिती या प्रदेशात सत्तेइतकी मोलाची होती, आणि ती कागदावर नव्हती. चकवा ज्याला फिरवतो तो ही माहिती नसलेला माणूस असतो. चकव्याच्या हकिगतींत फसणारा प्रायः परगावचा, उशिरा निघालेला, बाजारहून परतणारा, किंवा दारू प्यालेला असतो. चिंबोऱ्या धरायला रात्री खाजणात उतरणाऱ्या आगऱ्याला चकवा लागला, अशी कथा सहसा सांगितली जात नाही. भयाचे हे वाटप ज्ञानाच्या वाटपाशी जुळणारे आहे.

हेच नाते काळाच्या बाबतीत अधिक स्पष्ट होते. अमावास्येला आणि पौर्णिमेला, भर दुपारी बारा वाजता आणि मध्यरात्री पाणथळीकडे जाऊ नये, त्या वेळी साती आसरा आणि भुते वावरतात, असा समज सर्वत्र आहे. आता खाडीकाठचे गणित पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते, म्हणजे भरती सर्वांत मोठी असते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, पाणी असते. मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची कोळ्यांची रीत अशी : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पंधरावी तिथी येईपर्यंत काटा पुन्हा बाराजवळ पोचलेला. याचा अर्थ असा की वर्षातील सर्वांत उंच पाणी ज्या दिवसांत येते, त्या दिवसांत ते भर दुपारी आणि मध्यरात्रीच्याच सुमारास माथ्यावर असते. खाडीच्या आत भिवंडीपर्यंत येताना त्याला आणखी काही वेळ लागतो, पण चढते पाणी पायवाटा तोडू लागते ते याच प्रहरात. भुताची वेळ आणि भरतीची वेळ एकाच पंचांगात लिहिलेली आहे.

मात्र येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. अमावास्या आणि बाराचा ठोका हे समज देशावरही आहेत; मराठवाड्यातील विहिरीला भरती नसते. तेव्हा उधाणातून हा समज जन्मला असे म्हणणे चुकीचे ठरेल. भुतांना भौतिक कारण चिकटवून ती निकालात काढण्याची जी सुधारकी सवय आहे, तिचाच तो एक प्रकार होईल. (दलदलीतील दिव्यांचे असेच झाले. व्होल्टा याने १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या चिखलातून ज्वालाग्राही वायू गोळा केला, तेव्हापासून युरोपातील भटकत्या दिव्यांचा उलगडा झाला असे मानले गेले. हा वायू आपोआप पेटतो कसा हा प्रश्न त्यानंतरही वादाचाच राहिला. बंगालातील आलेया, कच्छच्या बन्नीतील चिर बत्ती, आणि कोकणात वेताळाच्या स्वारीतील दिवट्या, या सर्वांना एकाच वायूच्या बाटलीत भरून विषय संपत नाही.) म्हणता येण्याजोगे एवढेच की एक सर्वदूर पसरलेला निषेध खाजणात येऊन उपयुक्त झाला. देशावर जो संकेत होता तो येथे सूचना बनला. लोकसाहित्यात एखादी कल्पना कोठून आली यापेक्षा ती कोठे रुजली आणि का रुजली हा प्रश्न अधिक फलदायी असतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या १९६२ च्या ग्रंथात गावाबाहेरील मातृदेवतांची ठाणी प्राचीन वाटांच्या तिठ्यांशी जोडून दाखवली, तेव्हा त्यांनी देवतेचे स्पष्टीकरण दिले नव्हते. देवतेच्या जागेचे दिले होते. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९९५ च्या ग्रंथात महाराष्ट्रातील नद्या आणि स्त्रीत्व यांचा संबंध उलगडताना आसरांच्या दुहेरी रूपाचा, जीवनदायी आणि जीवघेण्या रूपाचा, जो विचार केला आहे तोही नदीकाठाला धरून आहे. खाडीकाठ, जेथे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, या अभ्यासांच्या कक्षेबाहेर राहिला.

चकव्याचे ठाणे शीव हे आहे, यालाही इतिहास आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात दानभूमीच्या सीमेवर शिळा रोवत. त्यांच्यावर दानाचा भंग करणाऱ्याला उद्देशून गाढवाची शिवी कोरलेली असे. या गधेगाळी ठाणे, रायगड परिसरात अनेक ठिकाणी आढळल्या आहेत. अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखातही असा शाप आहे, आणि शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे त्याचा काळ १०१२ असल्याने मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. मराठी गद्याच्या उगमापाशी सीमारक्षणाची शिवी उभी आहे, ही गोष्ट वाङ्मयेतिहासकारांनी किंचित संकोचानेच नोंदवली आहे. पण शिळा रोवायला टणक भूमी लागते. चिखलात दगड खचतो, खुंट वाहून जातो, आणि प्रत्येक उधाणानंतर कोणाचे खाजण कोठे संपते हा तंटा नव्याने सुरू होतो. जेथे अक्षर टिकत नाही तेथे सीमा स्मृतीत आणि भयात राखावी लागते. गधेगाळीचे काम चकव्याने केले, असे सिद्ध करण्याइतका पुरावा नाही; परंतु दोघेही शिवेचेच रखवालदार आहेत, आणि एक कोरीव आहे तर दुसरा तोंडी, हा फरक भूमीच्या पोताशी जुळतो.

वासाहतिक प्रशासनाची खाजणाविषयीची स्वतःची भीती येथे ध्यानात घ्यायला हवी. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८२ मध्ये निघाले, त्या वेळी दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने ताप येतो हे प्रतिष्ठित वैद्यकीय मत होते. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच वाईट हवा असा आहे. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू पाहिला तो १८९७ साली. म्हणजे खाजणावर संध्याकाळी वावरणारी, न दिसणारी, श्वासातून शिरणारी आणि माणसाला अंथरुणाला खिळवणारी एक शक्ती आहे, या गोष्टीवर साहेब आणि आगरी यांचे एकमत होते. एकाने तिला वारे म्हटले, दुसऱ्याने लागीर. स्वतः कॅम्बेल यांनी पुढे सर्व रूढींच्या मुळाशी भूतभय आहे अशा आशयाची एक दीर्घ लेखमाला लिहिली, हा योगायोग मोठा बोलका आहे.

गिऱ्ह्याविषयीच्या समजांपैकी एक समज आजवर पुरेशा गांभीर्याने वाचला गेलेला नाही. गिऱ्ह्याचे केस ज्याच्या हाती लागतात त्याचा तो चाकर होतो. धनी सांगेल ते काम तो करतो, मागेल ते आणून देतो. पण केस परत मिळवण्याची त्याची धडपड अखंड चालू असते, आणि ते सापडले की तो धन्यावर उलटतो आणि निघून जातो. समंधाला किंवा मुंज्याला असे राबवता येत नाही. त्यांना शांत करावे लागते, त्यांच्या इच्छा पुरवाव्या लागतात. गिऱ्हा राबतो. देहाचा एक भाग धन्याकडे गहाण आहे आणि तो सुटेपर्यंत श्रम फुकट द्यायचे आहेत, ही संरचना या प्रदेशातील वेठीच्या आणि कर्जापोटी राबण्याच्या व्यवहाराशी इतकी समांतर आहे की तिला केवळ जादूचा आकृतिबंध म्हणणे पुरेसे वाटत नाही. केस गेल्याने पराक्रम गमावणारा सॅमसन, किंवा सीलमाशाचे कातडे लपवल्यामुळे माणसाच्या घरात नांदणारी स्कॉटिश किनाऱ्यावरची स्त्री, ही साम्ये सांगता येतील. परंतु कातडे लपवलेली ती स्त्री पत्नी होते; केस लपवलेला गिऱ्हा गडी होतो. एकाच आकृतिबंधाने प्रत्येक किनाऱ्यावर तिथल्या परवशतेचे रूप घेतले आहे.

जातिविरहित भूत या निरीक्षणाला येथे मुरड घालावी लागते. चिखलात बुडालेल्याला जात नसेल, पण बांधाखाली पुरलेल्याला असते. मोठे बांधकाम टिकावे म्हणून जिवंत माणूस द्यावा लागतो, ही कथा जगभर आहे. रुमानियातील मनोले गवंडी आपल्या पत्नीला भिंतीत चिणतो. कन्नडमधील 'केरेगे हार' या लोकगीतात तळ्याला पाणी लागावे म्हणून धाकटी सून, भागीरथी, दिली जाते. थिओडोर स्टॉर्म यांच्या १८८८ च्या उत्तर समुद्रकाठच्या दीर्घकथेत मजूर नव्या बांधाच्या शेवटच्या खिंडारात जिवंत कुत्रा ढकलू पाहतात आणि बांधप्रमुख तो वाचवतो, याची किंमत पुढे त्याला मोजावी लागते. महाराष्ट्रात या कथेने जो आकार घेतला तो जातीचा आहे. पुरंदरच्या बुरुजाखाली नाथनाक आणि देवकाई या महार दांपत्याला पुरले, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. सून ही घरातील सर्वांत दुबळी व्यक्ती, नाथनाक हा गावातील. बळीची निवड नेहमी उतरंडीच्या तळातून होते, आणि मग त्या बळीला मान देऊन, इनाम देऊन, आख्यायिका समाधान पावते.

याच्या शेजारी मुंबईची कथा ठेवावी. वरळीच्या खाडीचे खिंडार बुजवून बेटे जोडण्याचे काम गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत हाती घेतले गेले आणि अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात पुरे झाले. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थाच्या स्वप्नात देवी आली, खाडीच्या तळाशी असलेल्या मूर्ती बाहेर काढण्याची तिने आज्ञा केली, मूर्ती निघाल्या, बांध उभा राहिला आणि महालक्ष्मीचे मंदिर झाले, अशी ती दंतकथा आहे. खिंडार तेच, वारंवार होणारा भंग तोच, अलौकिक मागणीही तीच. मात्र येथे पाणी जीव घेत नाही, ते मूर्ती परत देते. मराठी लोककथेच्या इतिहासात हा बदल लक्षणीय आहे. बांधाचा कर्ता आता चिखलातील मजूर नाही, स्वप्न पाहणारा कंत्राटदार आहे. त्या बांधकामात किती मजूर दगावले याचा दंतकथेला पत्ता नाही. बळीची कथा क्रूर असली तरी तिच्यात नाथनाकाचे नाव उरते. प्रसादाची कथा सौम्य आहे आणि तिच्यात फक्त प्रवर्तकाचे नाव उरते.

मराठी ललित साहित्याने या सामग्रीचे काय केले, हा प्रश्न आता अटळ होतो. कोकणच्या गूढाची मराठी साहित्यात उणीव नाही. खानोलकरांच्या 'कोंडुरा' (१९६६) मध्ये समुद्रकाठची एक जागाच देवत्व आणि भय यांच्या सीमेवर उभी आहे. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) मध्ये घराण्याच्या वैभवाबरोबर त्याच्या शापाचाही विस्तार आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथेला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु या सर्व लेखनाच्या केंद्रस्थानी घर आहे : वाडा, माजघर, देव्हारा, बंद खोली. खोताच्या घरातून दिसणारे खाडीचे पाणी त्यात आहे; खाडीतून दिसणारे खोताचे घर क्वचित. याचे कारण लेखकांच्या सामाजिक स्थानात शोधणे सोपे आहे आणि काही अंशी ते खरेही आहे. पण दुसरे कारण रूपबंधाचे आहे, आणि समीक्षेने त्याची दखल घ्यायला हवी. आधुनिक कथा भुताला चरित्र मागते. कोण होता, काय अन्याय झाला, कोणती इच्छा राहिली. मुंजा, हडळ, समंध यांच्यापाशी हे चरित्र तयार असते, कारण त्यांची व्याख्याच जीवनक्रमाच्या एका तुटलेल्या टप्प्यावर झालेली आहे. गिऱ्हा आणि चकवा यांच्यापाशी सांगण्यासारखे चरित्र नाही. त्यांच्याविषयीची कथने लहान असतात. जागेचे नाव, वेळ, हाक, पाय रुतणे, उजाडणे. स्वीडिश अभ्यासक फॉन सिडोव्ह यांनी १९३४ मध्ये परंपरागत आख्यायिका आणि स्वानुभवाचे कथन यांत भेद केला. त्या भाषेत बोलायचे तर चकवा आख्यायिकेच्या अवस्थेला पोचतच नाही. प्रत्येक वेळी तो कोणा एकाचा अनुभव असतो आणि ऐकणाऱ्याला ती जागा पायाखालची माहीत असावी लागते. स्थळनामे काढून टाकली की कथन उरत नाही. छापील कथेला नेमकी हीच गोष्ट परवडत नाही, कारण तिचा वाचक पुण्याला किंवा नागपूरला बसलेला असतो.

त्यामुळे एन्थोवेनच्या संग्रहात जे घडले तेच वेगळ्या रीतीने साहित्यातही घडले. शिक्षकाने जातवार भुते सविस्तर लिहिली आणि जागेची भुते लक्षणांपुरती ठेवली. कथाकाराने चरित्र असलेली भुते उचलली आणि बाकीची सोडून दिली. दुर्गाबाई भागवत आणि रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोकसंस्कृतीच्या अभ्यासाला जी खोली दिली ती प्रामुख्याने देवता, विधी आणि गीत यांच्या आधारे. भीतीच्या या तुटक, निनावी, बोलीत अडकलेल्या कथनांना विधीचा आधार नव्हता आणि गीताचा छंदही नव्हता. दलित आत्मकथनांनी गावकुसाबाहेरची जागा मराठी गद्यात प्रथमच आतून उभी केली. खारेपाटातून त्या तोडीचे गद्य आले असते तर गिऱ्ह्याचे केस कोणाच्या उंबरठ्याखाली पुरले होते, हे कदाचित कळले असते.

भिवंडीचे खाजण या दरम्यान बदलले आहे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, माणकोली, वळ, दापोडे या गावांच्या परिसरात गेल्या काही दशकांत गोदामांचे जे जाळे उभे राहिले, त्याने देशातील माल साठवणुकीच्या नकाशावर भिवंडीला अग्रस्थान दिले. त्यासाठी भरावाची माती डोंगर फोडून आणली गेली. बांध, उघाडी आणि भाताचे तुकडे यांच्या जागी काँक्रीटची जोती आली. जमीन विकलेल्या घरांतील नव्या पिढीला भांग आणि उधाण यांची तिथी पंचांगातून काढता येईलच असे नाही. गोदामावर रात्रपाळी करणारा रखवालदार बहुधा दुसऱ्या प्रांतातून आलेला असतो आणि त्याच्या गावाच्या पाणथळीतील भूत वेगळ्या नावाचे असते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हासच्या खोऱ्यात पाणी पसरले. पुराची कारणे अनेक असतात. भरतीला पसरायला मिळणारे खाजण आक्रसले आहे, हे त्यांपैकी एक.

शीव मात्र पुन्हा आखली जात आहे. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना प्रथम १९९१ मध्ये निघाली आणि २०११ व २०१९ मध्ये ती नव्याने काढण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने तिवरांच्या तोडीला मनाई करून त्यांच्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखीव ठरवला. हा पट्टा तिवरांच्या कडेपासून मोजायचा, आणि किनारा नियमनाचे अंतर उच्चतम भरतीच्या रेषेपासून. तिवरे एका पावसाळ्यात पुढे सरकतात आणि एका रात्रीत तोडली जातात. भरतीची रेषा भराव पडला की मागे हटते. त्यामुळे मोजणी करणारे नकाशे घेऊन खाजणाच्या कडेला येतात तेव्हा त्यांना पहिला प्रश्न पडतो तो, कोणत्या वर्षीच्या, कोणत्या तिथीच्या पाण्यापासून फीत लावायची हा.